नाशिकला सुट्टीचं घर घ्यायचंय? आधी एकदा मे महिन्यात या

ऑगस्टमध्ये नाशिकला जमीन विकण्याइतकं सोपं काम दुसरं नसेल. त्र्यंबक रोडला महिरावणी सोडली की अंजनेरीच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा उतरलेल्या असतात, भातखाचरं तुडुंब, वारा गार, भजी गरम. मुंबईचा माणूस गाडीतून उतरतो, छाती भरून श्वास घेतो आणि विचारतो, "इसार किती द्यायचा?"

माझ्या डोंबिवलीच्या मावसभावाने हेच केलं. श्रावणात एका एजंटाबरोबर जागा पाहिली. मागे डोंगर, पुढे खळखळता ओढा. ५१ हजार इसार देऊन मोकळा झाला. मला कळलं ते गणपतीत. "बाकीचे पैसे मे महिन्यापर्यंत थांबव," एवढंच मी म्हणालो. मे महिन्यात दोघं गेलो, तेव्हा ओढा नक्की कुठे होता तेच आधी शोधावं लागलं. बांधावर एक आबा शेळ्या घेऊन बसले होते. भावाने विचारलं, "आबा, इथं पाणी किती दिवस पुरतं?"

आबांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. "होळीपर्यंत. मंग टँकर." जरा थांबून म्हणाले, "तुमी बी घेतला का हितं? लई जन घेऊन ऱ्हायले."

इसार परत मिळवायला आठ महिने गेले, आणि तोही पूर्ण मिळाला नाही.

मी एजंट नाही, वकीलही नाही. पण नाशिकचा असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांबरोबर जागा बघत फिरण्यात माझे इतके रविवार गेलेत की त्यातून थोडं शहाणपण आलंय. नव्याने घेणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय करावं, ते सांगतो.

आधी रात्री मोजा

वर्षातल्या किती रात्री तुम्ही त्या घरात झोपणार आहात, ते कागदावर लिहा. मनात धरू नका, लिहा. मुलांच्या परीक्षा, ऑफिस, लग्नकार्यं वजा करा. बहुतेकांचा आकडा पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. त्यासाठी बंगला, राखणदार, बाग आणि बोअर सांभाळायची तयारी असेल तर पुढे वाचा. नसेल तर गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याकडे साधा वन बीएचके घ्या. कुलूप लावून निघून जाता येतं, खाली वॉचमन असतो, पाणी नळाला येतं. फार्महाऊसची हौस असलेल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण दहापैकी सात जणांना मी हेच सांगतो.

त्याहून बरं म्हणजे आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घर घ्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात निघतो. नवराबायकोपैकी एकाला तरी ते गाव आवडेनासं झालं, तर काही लाख वाचले असं समजा.

बाजू कोणती घ्यावी

नाशिक म्हणजे एक गाव नव्हे. पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि पूर्वेला कोरडं मैदान, यांच्या मध्ये शहर आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नरकडे गेलात की त्याहूनही कमी. पन्नास किलोमीटरच्या आत एवढा फरक. म्हणून "नाशिकला हवा छान आहे" या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या रस्त्याला, हे आधी विचारायचं.

गंगापूर-सावरगाव रस्ता सध्या सगळ्यात महाग आणि सगळ्यात मागणीचा. गोवर्धन, गंगावऱ्हे, सावरगाव, पुढे गिरणारे, दुगाव. एका बाजूला गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा. सुला, सोमा अशा वायनरी याच पट्ट्यात. शनिवारी संध्याकाळी इथे गाड्यांची रांग लागते, हे घर घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. बॅकवॉटरला 'लेक व्ह्यू' म्हणून जे दाखवतात, त्यातला बराच भाग धरणासाठी संपादित झालेला असतो. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन कोणाची, हे विचारायला संकोच करू नका.

त्र्यंबक रोड निसर्गाच्या बाबतीत पहिला. पण तिथे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, पौषात निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्या दिवशी आपल्याच घरी पोचायला पोलिसांची मनधरणी करावी लागते. आणि २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. "कुंभमेळ्याआधी घेऊन टाका, मग भाव दुप्पट" हे वाक्य तुम्हाला दर चहाच्या टपरीवर ऐकू येईल. मी २०१५ चा सिंहस्थ पाहिलाय. त्या वेळीही हेच वाक्य होतं. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या गर्दीच्या भरवशावर घर घेऊ नये. रिंगरोडच्या बातम्यांवर तर मुळीच नको. रस्ता आपल्या दारातून जाणार हे खरं निघालं, तर तो कधीकधी आपल्या हॉलमधूनही जातो.

घोटी-इगतपुरी पट्टा मुंबईकरांना जवळचा. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाटाऐवजी बोगद्यातून जायची सोय झाली. रविवारी संध्याकाळी घाटात अडकून बसणाऱ्यांना त्याची किंमत कळेल. भावली, वैतरणा धरणांचा परिसर देखणाच. पण तिथला पाऊस म्हणजे पाहुणा नाही, घरमालकच. त्याबद्दल खाली सांगतो.

दिंडोरी रोड, म्हसरूळच्या पुढे ढकांबे, जानोरी, ओझरखेड. अजून त्यामानाने शांत, जमीन काळी, बागायती. सिन्नरकडे स्वस्त मिळेल, पण पाण्याचं गणित आधी करा.

राहिला देवळाली कॅम्प. जुने बंगले, सॅनिटोरियमं, चिंचेची आणि वडाची मोठी झाडं, सकाळची हवा. हवापालटासाठी येणाऱ्या पारशी आणि गुजराती कुटुंबांचं हे जुनं ठिकाण. इंग्रज शिपाई इथल्या छावणीत बोटीची वाट बघून इतके कंटाळत की वेडसर माणसाला त्यांच्या भाषेत 'डूलाली' म्हणायला लागले, तो शब्द देवळालीवरूनच. माझं मन विचाराल तर निवृत्त माणसाला यासारखी जागा नाही. पण छावणी हद्दीतल्या जमिनीचे नियम निराळे. अनेक बंगल्यांची जमीन मुळात सरकारची, वापराचा हक्क लीजने किंवा जुन्या ग्रँटने दिलेला. तिथे सातबाऱ्याच्या आधी छावणी परिषदेची नोंदवही बघायची असते, आणि छावणीतली प्रकरणं हाताळणारा वकील लागतो. लष्करी हद्दीला लागून बांधकाम करायचं तर त्यांची ना-हरकत लागते का, तेही आधी विचारा.

जमीन कसली आहे?

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच बुडतो, म्हणून जरा सावकाश.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मध्ये हे आहे. तुमच्या नावावर, किंवा वारसाने आलेली, महाराष्ट्रात कुठेही शेती असेल तर तुम्ही शेतकरी. नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तो व्यवहार टिकत नाही, जमीन सरकारजमा होऊ शकते. "सगळे घेतात हो, नंतर करून देऊ" असं एजंट म्हणाला की तिथेच उठायचं.

मग तो दुसरा मार्ग दाखवतो. "साहेब, नोटरी करून देतो." नोटरीच्या कागदावर जमिनीची मालकी बदलत नाही. किंवा म्हणतो, "एक एकरात दहा जणांची नावं लावू, तुमचे चार गुंठे." म्हणजे सामायिक क्षेत्र. सातबाऱ्यावर नाव येईलही, पण तुमचे चार गुंठे नेमके कुठले, ते ना नकाशावर असतं ना जागेवर. उद्या कुंपण घालायला गेलात की उरलेले नऊ जण येतील.

अलीकडे १०-११ गुंठ्यांच्या 'फार्म प्लॉट'चं पेव फुटलंय. त्यामागचं कारण असं: तुकडेबंदी कायद्यात २०२३ ला बागायतीसाठी किमान १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरलं, म्हणून दहाच्या जरा वर असे तुकडे पाडून विकले जातात. पुढे २०२५ मध्ये सरकारने रहिवासी वापराच्या क्षेत्रातल्या छोट्या तुकड्यांना सूट दिली. ती सूट रहिवासी क्षेत्राला आहे, डोंगराकडेच्या शेतीला नाही. ११ गुंठ्यांचा तुकडा घेणारा शेतकरीच लागतो आणि जमीन शेतीच राहते. त्यावर फार्महाऊस बांधायचं तर ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर क्षेत्र लागतं. त्यामुळे माहितीपत्रकावर ११ गुंठ्यांत स्विमिंग पूल आणि लाकडी कॉटेज काढलेलं दिसलं, तर चित्रकाराचं कौतुक करा आणि पुढे चला.

आदिवासी खातेदाराची जमीन हा स्वतंत्र विषय. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी या भागांत अशी जमीन भरपूर आहे. बिगरआदिवासीला ती सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि झालेला व्यवहार वर्षांनंतरही उलटू शकतो. भाव शेजारच्या गटाच्या निम्मा ऐकू आला तर कारण बहुधा हेच असतं. मला विचाराल तर या वाटेला जाऊच नका. कायदा बाजूला ठेवला तरी ती जमीन त्या घराची शेवटची ठेव असते.

मग घ्यायचं काय? बिगरशेती, आपल्या भाषेत एनए, मंजूर लेआउटमधला प्लॉट. एजंट 'यलो झोन' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आराखड्यात ती जागा रहिवासी आहे एवढाच. 'ग्रीन झोन' म्हणजे शेती. शहराच्या हद्दीबाहेर नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, आत महापालिका. तुमचा गट नंबर ज्याच्या हद्दीत येतो, त्या कार्यालयातून झोन दाखला स्वतः काढा. मंजूर लेआउटचा नकाशा, बिगरशेतीचा आदेश किंवा सनद, आणि ५०० चौरस मीटरवरचा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक हे तीन कागद हातात आल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नयेत. महारेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून प्रकल्पाचं नाव, गट नंबर आणि प्रवर्तकाचं नाव जुळतंय का ते बघा. फलकावर दुसऱ्याच प्रकल्पाचा क्रमांक लावलेला मी स्वतः पाहिलाय.

सातबारा घेऊन चहाला बसा

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा, आपला ताजा काढा. मोबाइलवर बघू नका, प्रिंट काढा, पेन घ्या.

वरच्या बाजूला भोगवटादार वर्ग. 'वर्ग १' असेल तर पुढे जा. 'वर्ग २' असेल तर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते: इनाम, वतन, सरकारने दिलेली जमीन, असं काहीतरी त्यामागे असतं. मग नावं. माझ्या भावाच्या त्या जागेच्या सातबाऱ्यावर चौदा नावं होती. विकायला आलेला एकच, त्या घरातला मधला मुलगा. दोन आत्या ओझरला, एक बहीण थेट सुरतेला. एजंटाचं म्हणणं, "त्यांचं काही नाही हो, बायकाच आहेत." हे वाक्य ऐकलं की समजायचं, दावा तिथूनच येणार. बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

उजवीकडे 'इतर अधिकार' म्हणून रकाना असतो. लोक तो वाचतच नाहीत, आणि सगळी मेख तिथेच असते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, भूसंपादनाचा शेरा, शेजाऱ्याचा रस्त्याचा हक्क, सगळं त्यात. बोजा फेडला असं तोंडी सांगतील. फेडला असेल तर कमी झाल्याचा फेरफार, म्हणजे बदलाची सरकारी नोंद हवी. फेरफार नंबर गोलात लिहिलेले असतात, त्यातले शेवटचे पाच-सहा काढून वाचा. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली, ती गोष्ट त्यांतून उलगडते.

क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन्ही जवळपास सारखे. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे पाठ असू द्या, कारण बोलताना विकणारे गुंठे, फूट आणि मीटर यांची अशी भेळ करतात की घरी जाऊन हिशेब केला की अर्धा गुंठा कुठेतरी सांडलेला असतो.

यानंतर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस. वकील आपला निवडा, विकणाऱ्याचा नको. मग भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी. मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, आणि जागेवरचे दगड जुळले पाहिजेत. तातडीच्या मोजणीची फी जास्त असते म्हणून लोक टाळतात, आणि नंतर शेजाऱ्याच्या बांधावरून वर्षानुवर्षं तारखा करतात.

जागेवर उभं राहून

पाणी. हे तुम्हाला आबांनी सांगितलंच. बोअर लागेल असं कोणीही छातीठोकपणे सांगू नये, कारण आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी असतं ते त्याच्या भेगांत. शेजारच्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी आणि तुमच्या तीनशेवर धुरळा, असं सर्रास होतं. आसपासच्या तीन बोअरवाल्यांना विचारा: किती फूट, आणि एप्रिलमध्ये मोटर किती वेळ चालते? गावात टँकर येतो का, हे ग्रामपंचायतीत विचारण्यापेक्षा किराणा दुकानात विचारा.

वीज. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, किती लांब, हे सगळे विचारतात. त्याच्या पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही: लाइन गावठाण फीडरची की शेती फीडरची? शेती फीडरला वीज पाळीने येते. पंपाला ते चालतं, मे महिन्यात दुपारी पंख्याला चालत नाही. खांब टाकून घ्यायची वेळ आली तर खर्च तुमचाच.

रस्ता. दाखवताना गाडी ज्या वाटेने नेतात, ती नकाशावर आहे का? बऱ्याच वेळा ती कोणाच्या तरी शेतातून जाते, आणि पीक नसतं तोवरच असते. पाणंद किंवा शिवार रस्ता असेल तर उत्तम. नाहीतर वहिवाटीची नोंद किंवा नोंदणीकृत करार हवा.

माती. दिंडोरी-निफाडकडची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. घराच्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. एक खड्डा खणून बघायला दोन तास लागतात.

पूररेषा. गोदावरी, दारणा, नासर्डी, वाघाडी यांच्या काठाची जागा असेल तर निळी आणि लाल रेषा नकाशावर बघा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. २००८, २०१६ आणि २०१९ ला रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं होतं, ते कुठल्याही नाशिककराला तोंडपाठ असतं. आमच्याकडे पूर फुटांत मोजत नाहीत, मारुतीच्या गुडघ्या-कमरेत मोजतात.

शेजार. द्राक्षबागेला लागून बंगला म्हणजे फोटोत स्वर्ग. पण ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत फवारण्या चालतात, आणि ब्लोअरचा ट्रॅक्टर पहाटे पाचला सुरू होतो. फवाऱ्याचा वास खिडकीतून आत येतो. बागवाल्याशी भांडून उपयोग नाही, तो तुमच्या आधीपासून तिथे आहे. बागेकडच्या बाजूला बेडरूम ठेवू नका आणि मध्ये दहा-पंधरा फूट झाडी सोडा.

आणि बिबट्या. दारणाकाठचा ऊसपट्टा, देवळाली-भगूरकडची मळे वस्ती, गंगापूर धरणाचा परिसर, सगळीकडे आहे. घाबरून बेत रद्द करायची गरज नाही. पण कुत्रं रात्री उघड्यावर बांधू नका, अंगणात दिवा हवा, अंधार पडल्यावर लहान मुलं एकटी बाहेर नकोत. राखणदार राहणार असेल तर त्याच्या खोलीला पक्कं दार आणि आत संडास द्या. लोक स्वतःसाठी जकुझी बांधतात आणि राखणदाराला रात्री टमरेल घेऊन उसाकडे पाठवतात. हे बरोबर नाही.

पैशांचं थोडक्यात

इसार चेकने किंवा ऑनलाइन, पावतीवर गट नंबर आणि परतीची अट लिहून. महारेरा प्रकल्पात नोंदणीकृत साठेखताशिवाय (खरेदीआधीच्या कराराशिवाय) दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मुद्रांक शुल्क शहरात साधारण ६ टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर त्यात १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर, यांतलं जे जास्त असेल त्यावर. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्याला लागत नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. शेतजमिनीला गृहकर्ज मिळत नाही, एनए प्लॉटला मिळतं. बँक नाही म्हणाली तर ती का नाही म्हणतेय, ते नीट ऐका. खरेदीखत झालं की सातबाऱ्यावर आपलं नाव लागेपर्यंत तलाठ्याचा, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याचा, पिच्छा सोडू नका.

घर झाल्यावर

पहिला उन्हाळा तुम्हाला पश्चिमेची भिंत शिकवेल. नाशिकची रात्र मे महिन्यातही सुखद असते, पण दुपारी पारा चाळीशीला टेकतो आणि पश्चिमेची काचेची खिडकी, जी सूर्यास्तासाठी हौसेने लावलेली असते, ती भट्टी होते. त्या बाजूला व्हरांडा द्या, पुढे कडुनिंब किंवा आंबा लावा. वायव्येला बांबू लावला तरी दोन वर्षांत सावली येते.

मुलांना उन्हाळ्यात कंटाळा येऊ नये म्हणून बेत सकाळचे ठेवा. सहाला निघून पांडवलेणी, परत येताना पापडासोबत मिसळ, अकराला घरात. दुपारी पडदे ओढून पत्ते. संध्याकाळी सोमेश्वर. द्राक्षं खायची तर जानेवारी ते मार्च. पक्षी बघायचे तर थंडीत नांदूर मध्यमेश्वर, पहाटे जा आणि स्वेटर न्या, निफाडकडची थंडी चेष्टा नाही. हरिहर, अंजनेरी पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. भर पावसातल्या शनिवार-रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर जी रांग लागते, ती मुंबईच्या लोकलला लाजवेल.

इगतपुरी-त्र्यंबककडे घर असेल तर खरी परीक्षा जूनमध्ये. कुलूप लावून गेलात आणि गणपतीत उघडलंत, तर दार उघडताच वास येतो. गाद्यांवर बुरशी, चपलांवर हिरवी लव, कपाटाची दारं फुगलेली, फोटोफ्रेमच्या आत पाणी. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी पहिल्या वर्षी पैठणीची पेटी तिथेच ठेवली होती. त्या अजून तो विषय काढू देत नाहीत.

म्हणून मे संपायच्या आत: गच्चीवरचे पन्हाळे साफ, पत्र्याचे स्क्रू घट्ट, पश्चिम-नैर्ऋत्येच्या खिडक्यांना ताडपत्री. गाद्या उभ्या करून भिंतीपासून लांब, कपाटं अर्धवट उघडी, आत कडुनिंबाचा पाला. फ्रिज रिकामा करून दार उघडं बांधून ठेवा. मेन स्विच बंद. एक किल्ली राखणदाराकडे, एक गावातल्या विश्वासू घरी. आणि राखणदाराला सांगून ठेवा की दर रविवारी, पाऊस उघडला की दोन तास सगळ्या खिडक्या उघड्या टाकायच्या. त्याला त्या कामाचे वेगळे पैसे द्या, नाहीतर तो उघडत नाही.

मावसभावाने शेवटी गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. गॅलरीतून डोंगर दिसत नाही, शेजारच्या बिल्डिंगची टाकी दिसते. गेल्या वर्षी तो एकोणचाळीस रात्री राहिला. कॅलेंडरवर खुणा करून ठेवतो.